कामठ्याची पाठ

आमच्या श्रीगोंद्याकडं पोरांचं धनुष्य म्हणजे बांबूचा कामठा, सुतळीची दोरी अन् तुराट्यांचे बाण. पहिला कामठा मी हौसेनं बाहेरनं तासला, साल पार काढून गुळगुळीत केला. जोरात ओढला तसा पाठीतच चिरफाळला अन् ढलपी गालावर बसली. डोळा थोडक्यात वाचला. आजोबा बघून म्हणाले, "पाठ तासत्यात व्हय रं? तासायचं ते पोटाकडनं."

कामठा ओढला की बाहेरची पाठ ताणली जाते, आतलं पोट दाबलं जातं. बांबूचे चिवट धागे सालीलगतच दाट असतात. तेच मी काढून टाकले होते.

पुढं पेडगावचा बहादूरगड बघताना हे आठवलं. १६८९ साली संभाजीराजांना कैद करून इथंच औरंगजेबापुढं आणलं. मोगली तिरंदाजांच्या कमानी निराळ्या: मध्ये लाकूड, पोटाला शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंचे धागे, सगळं सरसानं चिकटवलेलं. सरस वाळायलाच फार दिवस जात. त्यात ओलाव्यानं तो सैल पडे. भीमाकाठच्या पावसाळ्यात अशी कमान जपणं सोपं नसणार. आमच्या कामठ्याला पाठीचं ते काम बांबूची साल फुकटात करून देत होती.

दुसरा कामठा आजोबांनीच केला. भेग नसलेला जून बांबू, सावलीत वाळवलेला. सालीला हात न लावता विळ्यानं पोट तासत गेले. बाण बोथट ठेवायच्या बोलीवर तो माझ्या हाती दिला.