सागरी दुर्बिणीतील कोनपट्टी : इतिहास आणि परिभाषा

जहाजावर वापरल्या जाणाऱ्या ७ × ५० जातीच्या काही दुर्बिणींत दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी, काचेवर कोरलेली एक बारीक अंशांकित पट्टी दिसते. अशा दुर्बिणीचे वर्णन सामान्यतः ‘अंतरमापक’ या विशेषणाने केले जाते. हे विशेषण यथार्थ नाही, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे. ती पट्टी अंतर मोजीत नाही, कोन मोजते. हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. इतिहासात अंतर जाणण्याची दोन निरनिराळी साधनकुळे निर्माण झाली आणि एकाच नावाखाली ती एकत्र केल्यास दोहोंच्या मर्यादा झाकल्या जातात. किनाऱ्याजवळ येणाऱ्या जहाजाला हे झाकलेपण महागात पडू शकते.

पट्टीवरील एकक ‘मिल’ या नावाने ओळखले जाते. एक हजार मीटरांवरील एक मीटर उंचीची वस्तू डोळ्याशी जो कोन करते तो, स्थूलमानाने, एक मिल. चाळीस मीटर उंचीचे दीपगृह पट्टीवर दहा मिल भरले, तर चाळीस गुणिले हजार भागिले दहा, म्हणजे ते चार हजार मीटरांवर आहे. शुद्ध गणिताने वर्तुळात असे सुमारे ६२८३ भाग पडतात. व्यवहाराच्या सोयीसाठी पाश्चात्त्य लष्करांनी ते ६४०० मानले, तर रशियन परंपरेने ६०००. शब्दाचे मूळ लॅटिनमधील सहस्रवाचक ‘मिले’ हे होय. आपल्या ‘मैल’ शब्दाचे मूळही तेच, कारण रोमन मैल हा हजार पावलांचा. एकाच संख्यावाचकापासून एक लांबीचे व एक कोनाचे अशी दोन माने निघावीत, हे भाषेच्या अभ्यासकाला विशेष वाटू नये.

लांबीच्या मानाने कोन मोजण्याची रीत याहून पुष्कळच जुनी आहे. अरबी समुद्रातील नाविक ‘कमाल’ नावाची लहान लाकडी फळी वापरीत. तिच्या मध्यातून ओवलेल्या दोरीचे टोक दातांत धरावयाचे, फळी पुढे धरून तिची खालची कड क्षितिजाला व वरची ध्रुवताऱ्याला लावावयाची, आणि दोरीवरील गाठींवरून उंची वाचावयाची. या मापनाचे एकक होते ‘इस्बा’, म्हणजे बोट, म्हणजेच आपले अंगुल. इस्लामी कालगणनेच्या नवव्या शतकातील, म्हणजे इसवी सनाच्या पंधराव्या शतकातील, प्रख्यात नाविक अहमद इब्न माजिद याच्या परंपरेत वर्तुळाचे २२४ इस्बा मानले जात. इस्बाचा आठवा भाग तो ‘जाम’, आणि जाम म्हणजे तीन तासांची वाटचाल. ध्रुव एक बोट वर चढला की जहाज आठ जाम उत्तरेस आले! ‘जाम’चे नाते संस्कृत ‘याम’ शब्दाशी जोडले जाते. यामाचेही मान तीन तासांचेच आहे. १८३६ साली जेम्स प्रिन्सेप याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अरब नाविकांच्या या साधनांचे वर्णन प्रसिद्ध केले. कमालीने समोरच्या वस्तूचे अंतर कळत नसे, हे खरे. परंतु कोन वाचावयाचा आणि बाहेरून ठाऊक असलेल्या मानाच्या आधारे अंतर काढावयाचे, हे तत्त्व तेथे पूर्णपणे सिद्ध झालेले आहे.

हेच तत्त्व काचेच्या साधनात आले ते अठराव्या शतकात. फ्रेंच शास्त्रज्ञ अलेक्सी-मारी रोशाँ याने १७७७ च्या सुमारास दुर्बिणीत स्फटिकाचा लोलक बसवून एका वस्तूच्या दोन प्रतिमा मिळविल्या; त्या एकमेकींना टेकविल्या की कोन कळतो. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकन नौदलातील ब्रॅडली फिस्क याने याच हेतूचे आरशांचे उपकरण तयार केले. ताफ्यातील शेजारच्या जहाजाच्या डोलकाठीची उंची माहीत असते, तेव्हा तिचा कोन कायम राखला की दोन जहाजांतील अंतर कायम राहते.

शत्रूची डोलकाठी मात्र कोणी मोजू देत नाही. मराठीतील ‘अंदाज’ आणि ‘गोलंदाज’ हे दोन्ही शब्द फेकणे या अर्थाच्या एकाच फारसी धातूपासून आलेले आहेत, आणि तोफखान्याच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे नाते बरेचसे शब्दशः खरे होते. गोळा टाकावयाचा, तो कोठे पडला ते पाहावयाचे, आणि पुढचा सुधारावयाचा. यातून मार्ग काढला तो लीड्सच्या यॉर्कशायर कॉलेजातील आर्चिबाल्ड बार व विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी. १८८८ पासून त्यांनी जे उपकरण घडविले त्यात नळीच्या दोन टोकांतून येणारे किरण एकाच नेत्रिकेत आणून प्रतिमा जुळविल्या जात. येथे ज्ञात लांबी लक्ष्याची नव्हे, नळीचीच. ज्ञात असलेले मान बाहेरून उचलून साधनाच्या पोटात आणले गेले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील निर्णायक पाऊल हेच. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत जपानी युद्धनौकांवर बार-स्ट्राउड यंत्रे होती. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत बहुतेक ब्रिटिश नौकांवर नऊ फुटी जुळणी-यंत्रे, तर जर्मनांकडे त्रिमितीय दृष्टीवर आधारलेली तीन मीटरांची यंत्रे होती. प्रारंभीची जर्मन गोळाफेक अधिक अचूक ठरली. मात्र त्या वेळचा प्रकाशही त्यांना अनुकूल होता, हे विसरून चालणार नाही.

‘अंतरमापक’ हे नाव या दुसऱ्या कुळाला शोभते. दुर्बिणीतील पट्टीला ‘कोनपट्टी’ म्हणावे, अशी माझी सूचना आहे. त्या नावाने नाविकाला प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला जाईल: उंची कोणती धरली?

तो प्रश्न किती व्यावहारिक आहे ते मुंबईच्या उदाहरणाने दिसेल. दीपगृहाच्या दिव्याची उंची उधाणाच्या भरतीच्या सरासरी पातळीपासून दिलेली असते. मुंबईस उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेतीन मीटरांहून अधिक फरक पडतो. यादीत चाळीस मीटर असलेला दिवा ओहोटीच्या वेळी पाण्यापासून साडेत्रेचाळीस मीटरांवर असतो; चार हजार मीटरांवरून तो सुमारे १०.९ मिल भरतो, आणि अंतर ३६७० मीटर निघते. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, कारण जहाज आहे त्याहून किनाऱ्याच्या जवळ भासते. मात्र डोळा पाण्यापासून चार मीटरांवर असता क्षितिज सुमारे ७.७ किलोमीटरांवर असते. दीपगृह त्यापलीकडे असेल तर त्याच्या खालची पाण्याची रेषा क्षितिजाआड दडते, कोन लहान भरतो आणि अंतर खऱ्याहून अधिक निघते. पट्टीवरील आकडा या दोन्ही प्रसंगी सारख्याच निश्चितपणे वाचता येतो.