गिरणगावाचा रविवार

मुंबईतली पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभारली आणि १८५६ साली तिची चाके फिरू लागली. पुढच्या तीन दशकांत परळ, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग या भागांत धुराड्यांची रांग लागली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसांचा ओघ सुरू झाला. हातात विळा-नांगर धरलेल्या या माणसांना कष्ट नवे नव्हते. नवे होते ते न थांबणारे काम. गावाकडे पेरणी-कापणीत रात्रीचा दिवस होई, पण मध्ये उसंतीचे महिनेही येत. अनेक भागांत अमावास्येला औत धरत नसत आणि पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. गावातला भूमिहीन मजूर काही सुखात नव्हता. तरीही ऋतू आणि सण यांनी घालून दिलेला विसावा त्याच्याही वाट्याला थोडाफार येत होता.

गिरणीचा दिवस उजाडण्यापासून मावळण्यापर्यंतचा असे. हिवाळ्यात तो जरा आखूड असला, तरी उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांवर जाई. भोंगा झाला की हजर व्हायचे, दुपारी घाईघाईने भाकरी खायची आणि पुन्हा साच्यावर उभे राहायचे. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. त्या कोंदट हवेत कापसाची तूस दिवसभर नाकातोंडात जाई आणि यंत्रांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. सणांच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या, तर ठरलेला सुट्टीचा वार नव्हता. रविवारी गिरणी बंद ठेवली, तरी साचे पुसायला आणि तेलपाणी करायला कामगारांना बोलावून घेत आणि त्यात निम्मा दिवस जाई. यंत्राच्या निगेसाठी वेळ राखलेला होता, ते चालवणाऱ्या शरीरासाठी मात्र नव्हता. या काळाचा हा सर्वांत मोठा अन्याय म्हटला पाहिजे.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्ट्या ठरवून दिल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या वेळेबद्दल हा कायदा गप्प होता.

ही उणीव चव्हाट्यावर आणली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ साली जन्मलेले लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईतून चालवले. स्वतः गिरणीत नोकरी केल्यामुळे आतला कारभार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सरकारने नेमलेल्या आयोगापुढे सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज ठेवला. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा आणि कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. पाचांपैकी पहिल्या तीन विसाव्याच्या आहेत. या माणसांना पैशाइतकीच, किंबहुना जास्तच, निकड होती ती पाठ टेकण्याची.

रविवारच का, याला दोन कारणे होती. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, त्यामुळे तो वार शहराच्या अंगवळणी पडलेला होता. दुसरे म्हणजे रविवार हा खंडोबाचा वार, आणि घाटावरून आलेल्या कितीतरी कामगारांचे ते कुलदैवत.

मागणी लगेच मान्य झाली नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्या काळात बाईने भर सभेत उभे राहून आपल्या थकव्याबद्दल बोलणे ही लहान गोष्ट नव्हती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. हिंदी गिरण्यांना कायद्याचा लगाम बसावा म्हणून मँचेस्टर-लँकेशायरचे कारखानदारही स्वतःच्या धंद्याच्या हितासाठी विलायतेत दबाव आणत होते. मात्र सुट्टीचा वार आणि तिचा आग्रह कामगारांचा होता. इंग्रजांनी चर्चसाठी रविवार दिला आणि तो आपसूक सर्वांना मिळाला, ही समजूत गिरणगावापुरती तरी साफ चुकीची आहे. १८९१ च्या दुरुस्त कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, तसेच स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली.

विसावा एकदा मिळाला की टिकतोच असे नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक हद्द पुसली गेली. कामाचा दिवस पुन्हा लांबला. कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडले. पुढे १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४ आणि १९४६ साली ४८ असे तास उतरत गेले.

चाळीतल्या एका खोलीत अनेक गडी दाटीवाटीने राहत, तिथे रविवारीही निवांत झोप मिळणे कठीणच. म्हणून विसावा खोलीबाहेर पसरला. भजनी मंडळे, आखाडे, कबड्डीचे संघ, हौशी नाटके यांना या दिवसाने वेळ दिला, आणि गिरणगावाची स्वतःची अशी संस्कृती उभी राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे. साच्यावर ज्याचे नाव कोणी विचारत नसे, तो इथे पखवाजी होता, वस्ताद होता, शाहीर होता. स्त्री-कामगारांची गोष्ट वेगळी. गिरणी बंद असली, तरी चूल, धुणे, मुले आणि खाणावळीतली माणसे त्यांना सुटली नाहीत. कायद्याने जो दिवस सर्वांना दिला, तो त्यांच्या हाती अर्धाच आला.

लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये वारले. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी, सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आणि वर्षाची भरपगारी रजा हे तिन्ही हक्क एकत्र आणले. तो कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच पोचला. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची आठवड्याची सुट्टी आजही बहुतेक ठिकाणी मालकिणीच्या मर्जीवर अवलंबून आहे.