विडी, हुक्का, व्हेप : पहिल्या झुरक्याचा इतिहास

१९९९ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शहरी भागातल्या ६४२ किशोरवयीन मुलामुलींची एक पाहणी झाली. विषय होता विडी. तीच ती आपली तेंदूच्या पानात वळलेली, दोऱ्याने बांधलेली विडी. पाहणीतल्या ४० टक्के मुलांनी ती एकदा तरी ओढली होती आणि १६ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात ओढली होती. अर्थात ही विडी चॉकलेट, आंबा, स्ट्रॉबेरी अशा स्वादांची होती. मुलांनी कारणे सांगितली ती अशी : चव चांगली लागते, स्वस्त पडते, आणि काहींच्या मते सिगारेटपेक्षा कमी धोक्याची आहे.

शेवटचे कारण तपासून पाहू. विडीत तंबाखू असते साधारण पाव ग्रॅमच्या आत, म्हणजे सिगारेटपेक्षा कितीतरी कमी. पण तेंदूच्या पानातून कागदासारखी हवा खेळत नाही. विडी सारखी विझते, म्हणून ओढणारा पुन्हापुन्हा आणि खोल झुरके घेतो. परिणामी धुरातले निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी भरत नाही, बरेचदा जास्तच भरते. 'पानाची आहे, नैसर्गिक आहे' या समजुतीला रसायनशास्त्रात काहीही आधार नव्हता.

अमेरिकेतल्या त्या मुलांना जी वस्तू परदेशी गंमत वाटली, ती अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) अनेक घरांची रोजीरोटी आहे. नगर शहरातल्या पद्मशाली समाजाच्या, मूळच्या तेलुगूभाषक विणकर घराण्यांतल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्या आहेत. सिन्नर आणि संगमनेर हीसुद्धा विडीचीच गावे. पाने जंगलातून येतात, तंबाखू निपाणीकडून आणि गुजरातेतून येते, आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण काम घरात चालत असल्याने त्याची अंमलबजावणी नेहमीच अवघड राहिली. तंबाखूवर बोलणाऱ्या शिक्षकाच्या समोर इथे अशा घरांतलीही मुले बसलेली असतात, हे विसरून चालत नाही.

'नवा प्रकार जुन्यापेक्षा शुद्ध' ही समजूत मात्र विडीहून बरीच जुनी आहे. मुघलांनी १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला. त्यानंतर चार-पाच वर्षांतच अकबराचा अधिकारी असदबेग विजापूरला गेला आणि तिथून तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी घेऊन दरबारात परतला. पोर्तुगीजांनी आणलेले हे पीक दख्खनमध्ये तोवर रुळले होते. असदबेगाने लिहून ठेवले आहे की बादशहाने थोडे झुरके घेतले, हकिमाने अडवले आणि त्यावर दरबारात वाद झाला. बादशहाला सवय लागली नाही, सरदारांना मात्र लागली. जहांगीराने १६१७ मध्ये बंदीचा हुकूम काढला, तोही फारसा चालला नाही.

धूर पाण्यातून नेला तर तो निर्दोष होतो, ही युक्ती हकीम अबुल फतह गिलानी यांनी काढली असे सांगतात. (हे हकीम १५८९ मध्येच वारले होते, तेव्हा कथा जरा जपूनच घ्यावी.) युक्ती कोणाचीही असो, पाण्याने धूर प्रामुख्याने थंड होतो. काही विद्राव्य पदार्थ पाण्यात राहतात, पण निकोटिनचा मोठा भाग आणि कार्बन मोनॉक्साइड सरळ पुढे जातात. थंड धूर घशाला बोचत नाही म्हणून तो अधिक खोल घेता येतो, एवढाच काय तो फरक.

आता व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. हे उपकरण आजच्या रूपात आले ते २००३ च्या सुमारास, होन लिक या चिनी औषधनिर्मात्याच्या कामातून. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन यांचा द्रव विजेच्या तारेने तापवायचा आणि तयार होणारा फवारा ओढायचा. लोक त्याला 'वाफ' म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नव्हे. जळण होत नसल्यामुळे सिगारेटच्या धुरातले अनेक विषारी पदार्थ यात फार कमी असतात, हे मान्य केले पाहिजे. निकोटिन मात्र तेच असते.

या निकोटिनचे एक वैशिष्ट्य वर्गात सांगण्यासारखे आहे. ते अल्कधर्मी आहे. सामू ८ च्या आसपास त्याचे निम्मे रेणू मुक्त आणि निम्मे क्षाररूपात असतात. सामू वाढला की मुक्त रेणू वाढतात, आणि तेच तोंडाच्या अस्तरातून झटकन आत शिरतात. संगमनेरच्या 'गाय छाप' जर्द्याची पुडी घेणारा माणूस तळहातावर तंबाखूला चुना चोळतो तो उगाच नव्हे. त्याला सामू ठाऊक नसेल, पण चुन्याशिवाय 'लागत नाही' हे पक्के ठाऊक असते. ओढण्याच्या बाबतीत गोष्ट उलटी. मुक्त निकोटिन घशाला झोंबते. सुरुवातीच्या ई-सिगारेटी नवख्याला खोकला आणत. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या एका लहानशा उपकरणात निकोटिनमध्ये बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला होता. झोंबणे गेले आणि निकोटिनची मात्रा वाढवता आली. फुप्फुसांचा पृष्ठभाग इतका अफाट की क्षाररूपातले निकोटिनही तिथून सहज रक्तात जाते.

मग शाळाशाळांत जे झाले ते आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांत २०११ मध्ये ई-सिगारेट ओढणारे १.५ टक्के होते, २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. याच काळात सिगारेट ओढणारे १५.८ वरून ५.८ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ई-सिगारेट ७.८ आणि सिगारेट १.७ टक्के.

तर व्हेपमुळे मुले सिगारेटकडे जातात की सिगारेटपासून दूर होतात? २०१७ मध्ये नऊ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला. त्यात १४ ते ३० वयाच्या १७,३८९ व्यक्ती होत्या. सुरुवातीला ज्यांनी सिगारेट कधीच ओढली नव्हती, त्यांतल्या व्हेप वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी पुढे सिगारेट सुरू केली. न वापरलेल्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांनी. इतर ज्ञात कारणे हिशेबात धरल्यावरही मोठा फरक उरला. याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. धाडसी स्वभावाचे, ओढणाऱ्या मित्रांत वावरणारे मूल दोन्हींपर्यंत पोचणारच. व्हेप आधी हाती आले म्हणून तेच कारण ठरत नाही. शिवाय व्हेप जर सिगारेटकडे मोठ्या प्रमाणावर ढकलत असते, तर सिगारेटचा आकडा इतका खाली का आला असता?

आमच्या मते ही दोन निरीक्षणे परस्परविरोधी नाहीत. पहिले एकेका मुलाबद्दल आहे, दुसरे सगळ्या लोकसंख्येबद्दल. काही मुले व्हेपवरून सिगारेटकडे गेली असतील, काही सिगारेटऐवजी व्हेपवर थांबली असतील. कर, बंदी आणि बदललेली पसंती यांनी एकूण सिगारेट आधीपासूनच उतरत होती. आणि ज्या मुलाने एरवी काहीच ओढले नसते, पण व्हेपने निकोटिनची सवय लागली, ते सिगारेटच्या रकान्यात दिसतच नाही.

आपल्याकडे मुळात प्रश्नच वेगळा मांडावा लागतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यांत ओढणारे होते ३.८ टक्के, धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे इथे शेवटचे स्थानक सिगारेट नव्हेच. मशेरी दात घासण्याच्या निमित्ताने घरात येते. गुटखा आला तो पानमसाल्याच्या, गोड सुगंधी सुपारीच्या मागोमाग, रुपया-दोन रुपयांच्या पुडीत. राज्याने २००२ मध्ये त्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली. २०१२ च्या जुलैत अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली. लगेच सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. नगर जिल्ह्यात टपरीवर प्लास्टिकच्या तुकड्यात चोळून दिला जाणारा मावा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, तो तर कुठल्याच कारखान्याचा नाही.

ई-सिगारेटवर केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा करून बंदी घातली. उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात हे सगळे गुन्हे आहेत. ओढणे हा त्या कायद्यात गुन्हा नाही. त्याच वर्षीच्या देशव्यापी शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या २.८ टक्के मुलांनी ई-सिगारेट कधीतरी वापरल्याचे सांगितले. कोणत्याही रूपातली तंबाखू वापरणारे होते ८.५ टक्के. सुरुवात केव्हा केली हेही विचारले होते. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस येण्याच्या आत केली होती. हे वय आपल्या शाळांत फार तर चौथीचे.