उष्णता सांगणारी काचेची तार

मी जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला लागलो तेव्हा आमचा उष्णतामापक म्हणजे एका म्हाताऱ्या हमालाचा तळहात. ओलसर सरकीची गंजी आतून तापली की काय, हे पाहण्यासाठी तो लोखंडी सळई तीत खुपसून ठेवी आणि थोड्या वेळाने काढून तिला हात लावी. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. पण रात्री तो घरी जाई, आणि गंजी रात्रीही तापे.

आतली आग नेमकी कुठे आहे हे न कळल्याने काय होते, ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके बरोबरच भरली होती. धूर दिसला, पाण्याचा मारा सुरू झाला, पण आगीचे मूळ सापडेना. जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग फुगून आला तेव्हा कुठे जागा समजली. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवणारे ६६ जण होते.

अशा ठिकाणी विजेच्या तारेचा मापक बसवावा, तर ठिणगीचीच भीती. ही अडचण सोडवणारी वस्तू काचेची निघाली, आणि तीही काहीशी योगायोगाने. ओटावा येथे १९७८ साली केनेथ हिल व त्यांचे सहकारी काचेच्या तंतूतून लेसरचा प्रकाश सोडीत होते. काही मिनिटांत तंतूतून परत येणारा प्रकाश वाढू लागला. प्रकाशानेच काचेच्या गाभ्यात बारीक रेघांची जाळी कोरली होती! स्फटिकातील थरांवरून क्ष-किरण कसे परततात याचा नियम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ साली मांडला होता. त्याच नियमाने ही जाळी एकच रंग परत पाठवते, बाकीचे पुढे जाऊ देते. म्हणून तिला ब्रॅगचे नाव. पुढे १९८९ मध्ये मेल्ट्झ, मोरी व ग्लेन यांनी बाजूने अतिनील किरण टाकून हव्या त्या रंगाची जाळी कोरण्याची रीत दाखवली.

आता गंमत पाहा. तंतू तापला किंवा ताणला की परतणारा रंग किंचित सरकतो. एका अंशाला सरकतो किती? मीटरचे दहा हजार कोटी भाग करा, त्यातला साधारण एक. तेवढे मोजणारी यंत्रे आज आहेत. एकाच तंतूवर वेगवेगळ्या रंगांच्या जाळ्या कोरल्या की कोणती जागा तापली तेही कळते, आणि तंतूत वीज मुळीच नसते. पुलांवर व धरणांवर याच रीतीने ताण मोजतात.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या रात्री आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसे गेली, त्यांत आग विझवणारे पुष्कळ. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले. बहुतेक आसपासच्या गावांतले मजूर. उघड्या मैदानात पेट्या उचलणाऱ्या त्या मजुरांना काचेची तार काय सांगणार होती? तिथे प्रश्न कामाच्या पद्धतीचा आणि रोजंदारीचा आहे, आणि तो मी यंत्रशास्त्रावर ढकलू देणार नाही.

पण जिनिंगच्या गंजीला ही तार लागू पडते. गेल्या वाटाघाटीत आम्ही ती मागितली. आकडे दाखवणारा पडदा मॅनेजरच्या खोलीत ठेवू, असे उत्तर आले. दुसरा पडदा हमालांच्या ओट्यापाशी हवा, एवढ्यावर बोलणी अडली आहेत.