टेस्ला संप, स्वीडन

टेस्ला या अमेरिकी विद्युत मोटार कंपनीच्या स्वीडनमधील मेकॅनिकांनी सामूहिक करारासाठी पुकारलेला संप. आयएफ मेटल या धातुउद्योगातील कामगार संघटनेच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो सुरू झाला. टेस्लाचा स्वीडनमध्ये कारखाना नाही. तिथे तिची सर्व्हिस सेंटरे आहेत आणि संप सुरू होताना त्यांत सुमारे १३० मेकॅनिक काम करत होते. त्यांतलेही सगळे संपावर गेले नाहीत. तरीही गोदी कामगार, वायरमन, टपाल कर्मचारी आणि सफाई कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. विद्युत मोटार उद्योगात कामगारांना संघटना करण्याचा आणि मालकाशी बरोबरीने वाटाघाटी करण्याचा हक्क मिळणार का, या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी या संपात लागली.

पार्श्वभूमी : स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. पगार, जादा कामाचा मोबदला, निवृत्तिवेतन, विमा या गोष्टी कामगार संघटना आणि मालकांचे संघ आपसांत ठरवतात. देशातील सुमारे ९० टक्के नोकरदार अशा करारांखाली येतात. पुणे-चाकण पट्ट्यातल्या कामगाराला ‘करार’ या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडे मात्र पगारवाढीचा करार बहुधा एका कंपनीपुरता होतो. स्वीडनमध्ये तो संबंध व्यवसायासाठी होतो आणि एकेक कंपनी त्यात सामील होते.

ही पद्धत रक्त सांडून आलेली आहे. मे १९३१ मध्ये उत्तर स्वीडनमधील ओदालेन येथे संपफोडे आणल्याच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चावर सैन्याने गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. त्यानंतर १९३८ मध्ये मालकांचा संघ आणि कामगार संघटनांचा महासंघ यांच्यात साल्टशोबाडेन येथे मूलभूत करार झाला. सरकारने मध्ये पडायचे नाही, दोन्ही पक्षांनी एका टेबलावर बसून मिटवायचे, ही रीत तेव्हापासून रुळली. करार लागू असेपर्यंत त्यातल्या मुद्द्यांवर संप करायचा नाही, हेही तिच्यातच येते. म्हणूनच स्वीडनमध्ये एरवी संप फार थोडे होतात.

संपाचे कारण : करारासाठी आयएफ मेटल अनेक वर्षे टेस्लाच्या मागे होती. कंपनीने सही करायला नकार दिला. करार नसणेच आपल्याला अधिक सोयीचे आहे, कर्मचाऱ्यांना आम्ही स्वतःच उत्तम वागणूक देतो, अशी भूमिका कंपनीच्या स्वीडनमधील प्रमुखांनी मांडली. कंपनीचे सर्वेसर्वा इलॉन मस्क यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एका जाहीर मुलाखतीत आपला कामगार संघटनांच्या कल्पनेलाच विरोध असल्याचे सांगितले. कामगारांचे म्हणणे साधे होते. आज मिळणारी सवलत उद्या मालकाच्या मर्जीने जाऊ शकते. करारात लिहिलेला हक्क तसा काढून घेता येत नाही. त्यामुळे या झगड्यात पगाराच्या आकड्यापेक्षा सहीला महत्त्व आले.

पाठिंब्याचे संप : दुसऱ्या व्यवसायातील कामगारांनी पाठिंब्यासाठी काम रोखणे स्वीडनच्या कायद्यात बसते. त्याचा वापर इथे क्रमाक्रमाने झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोदी कामगारांनी बंदरांत टेस्लाच्या मोटारी जहाजांतून उतरवणे थांबवले. वायरमननी कंपनीच्या वर्कशॉपांतील व चार्जिंग स्थानकांवरील दुरुस्ती बंद केली. सफाई कामगारांनी वर्कशॉपांची झाडलोट सोडली. हायड्रो एक्स्ट्रूजन्स या ॲल्युमिनियम कारखान्यातील कामगारांनी टेस्लासाठी लागणारे सुटे भाग बनवायचे नाकारले. डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंडमधील संघटनांनीही आपापल्या बंदरांत स्वीडनला जाणाऱ्या टेस्लाच्या गाड्यांना हात लावायचा नाही असे ठरवले.

यांतला सर्वांत बोलका प्रसंग नंबरप्लेटचा. स्वीडनमध्ये नव्या गाडीची नंबरप्लेट पोस्टनॉर्ड या टपालसेवेतून येते. टपाल कर्मचाऱ्यांनी २० नोव्हेंबर २०२३ पासून टेस्लाची पाकिटे पोहोचवणे बंद केले. गाडी दारात उभी, बॅटरी भरलेली, पैसे चुकते झालेले. पण पत्र्याचे दोन तुकडे नाहीत म्हणून ती रस्त्यावर आणता येत नाही, अशी अवस्था झाली. मस्क यांनी समाजमाध्यमावर हा वेडेपणा असल्याचे लिहिले. कंपनीने वाहतूक प्राधिकरण आणि पोस्टनॉर्ड या दोघांनाही न्यायालयात खेचले. नोरशोपिंगच्या न्यायालयाने प्लेट थेट घेऊ देण्याचा अंतरिम आदेश दिला; वरच्या न्यायालयाने तो फिरवला.

कंपनीचा प्रतिसाद : टेस्लाने बदली माणसे आणून वर्कशॉप चालू ठेवले. कायद्याने ते निषिद्ध नसले, तरी स्वीडनमध्ये १९३० च्या दशकानंतर असे मोठ्या प्रमाणावर घडले नव्हते. ओदालेनची आठवण असलेल्या समाजाला ते लागले. गाड्यांची विक्री मात्र थांबली नाही; २०२३ मध्ये टेस्लाची मॉडेल वाय ही स्वीडनमधील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. कामगारांच्या बाजूनेही परिणाम दिसले. पेन्शनडेन्मार्क या निवृत्तिवेतन निधीने टेस्लाचे शेअर विकून टाकले. आर्लांडा विमानतळाजवळ उभारलेले २० चार्जरचे स्थानक वीजजोडणीअभावी २०२५ मध्येही तसेच पडून होते.

इतर देशांतील स्थिती : कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील टेस्लाच्या कारखान्याच्या जागी पूर्वी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा संयुक्त प्रकल्प होता. तिथले कामगार युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेत होते. २०१० मध्ये कारखाना टेस्लाकडे आला आणि संघटना उरली नाही. मे २०१८ मध्ये मस्क यांनी संघटना करणाऱ्यांना शेअरचा लाभ सोडावा लागेल अशा अर्थाचा संदेश जाहीरपणे लिहिला. अमेरिकेच्या कामगारसंबंध मंडळाने २०२१ मध्ये तो बेकायदा धमकी ठरवला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. त्याच कारखान्यातील वर्णभेदाच्या तक्रारींवरून कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये आणि संघराज्याच्या समान संधी आयोगाने २०२३ मध्ये कंपनीवर दावे लावले. जर्मनीतील ग्रुनहाइडे कारखान्यात २०२४ च्या कामगार मंडळाच्या निवडणुकीत आयजी मेटल या संघटनेचा गट सर्वांत मोठा ठरला, तरी बहुमत बिगर-संघटना सदस्यांकडे राहिले.

विद्युत मोटार आणि संघटना यांचे मुळातच जमत नाही, असे मात्र नाही. ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथील अल्टियम बॅटरी कारखान्यात डिसेंबर २०२२ मध्ये ७१० विरुद्ध १६ मतांनी संघटना निवडली गेली. एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतील चॅटनूगा येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यातही कामगारांनी मोठ्या बहुमताने संघटनेला कौल दिला; तिथे तेव्हा विद्युत मोटारी बनत होत्या.

महत्त्व : तेलावरच्या मोटारींचा उद्योग शंभर वर्षांत संघटित झाला. विद्युत मोटारींबरोबर नव्या कंपन्या आल्या आणि जुन्या करारांचे ओझे आपल्याला नको, अशी त्यांतल्या काहींची भूमिका आहे. गाडीतून धूर निघत नाही एवढ्याने ती स्वच्छ ठरत नाही. ती बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांना काय मिळते, तेही हिशेबात धरावे लागते. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील आपले पहिले दालन उघडले. तेव्हा हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. स्वीडनमधील मेकॅनिकांच्या संपाला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी दोन वर्षे पूर्ण झाली. त्या दिवसापर्यंत करारावर कंपनीची सही झालेली नव्हती आणि संपही मागे घेतला गेला नव्हता.