पाव मिलिमीटरची गोष्ट



मोटारींच्या शर्यतीविषयी एका सेवानिवृत्त शाळामास्तराने बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. माझे स्वतःचे वाहन म्हणजे आयुष्यभर सायकलच होते. परंतु आज मी जी हकीकत सांगणार आहे, तिचे सारे मर्म वृत्तचितीचे घनफळ काढण्याच्या रीतीत आहे. आणि ती रीत मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांकडून फळ्यावर करून घेतली आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढ्यापुरताच आहे, असे समजावे.

हकीकत यूरोपातील, आणि काळ १९७० ते १९७५ च्या सुमाराचा. त्या वेळी तेथे प्रवासी मोटारींच्या अजिंक्यपदाच्या शर्यती मोठ्या ईर्ष्येने होत असत. या शर्यतींचा मूळ हेतू असा की, केवळ शर्यतीसाठी घडविलेली यंत्रे धावू नयेत. गृहस्थाने दुकानातून विकत घ्यावी, मुलेबाळे बसवून सहलीस जावे, तशीच मोटार येथे धावावी. हा हेतू राखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने नियम केले होते. त्यांतील दुसऱ्या गटाचा नियम असा की, ज्या नमुन्याच्या एक हजार मोटारी बारा महिन्यांत तयार झाल्या असतील, त्याच नमुन्यास मान्यतापत्र मिळेल. मान्यता मिळाल्यावर मात्र यंत्रात पुष्कळ फेरफार करण्याची मुभा असे. आपल्या विषयाला लागणारी मुभा एकच. नळकांड्याचा व्यास, ज्याला आपले कारागीर 'बोअर' म्हणतात, तो वाढविता येई. मात्र त्यायोगे होणारे एकूण घनफळ त्या मोटारीच्या वर्गाची वरची मर्यादा ओलांडता कामा नये. दट्ट्याची वरखाली होणारी धाव, म्हणजे 'स्ट्रोक', मान्यतापत्रात असेल तीच ठेवावी लागे.

वर्ग हे घनफळावरून पाडलेले होते. एक हजार घनसेंटिमीटरपर्यंत एक, तेराशेपर्यंत एक, दोन हजारांपर्यंत एक, याप्रमाणे. या रेघांचा महिमा इंग्लंडातील मिनी मोटारीच्या कर्त्यांनी आधीच ओळखला होता. १९६३ व १९६४ या दोन वर्षांत त्यांनी 'मिनी कूपर एस' एकाच व्यासाच्या नळकांड्यांची, परंतु तीन निरनिराळ्या धावांची काढली: ९७०, १०७१ आणि १२७५ घनसेंटिमीटरची. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाने ९७० ची मिनी मागितली होती, असे मुळीच नव्हे. एक हजाराच्या आत राहावे म्हणून ती जन्मास आली. आणि १९६४ साली वॉरविक बँक्स याने तिच्यावरच यूरोपचे अजिंक्यपद मिळविले.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. कोलोनची फोर्ड आणि म्यूनिकची बीएमडब्ल्यू या दोन जर्मन कारखान्यांत मोठ्या मोटारींची चुरस लागली होती. फोर्डची मोटार 'काप्री आरएस २६००'. तिच्या सहा नळकांड्यांच्या यंत्रातील धाव मूळच्या ६६.८ मिलिमीटरवरून ६९ पर्यंत वाढवून ती विक्रीस काढली होती. एवढा उपद्व्याप कशासाठी, हे आता श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. शर्यतीत धाव बदलता येत नाही. म्हणून ती विक्रीच्या मोटारीतच आधी वाढवून ठेवावयाची, आणि मग व्यास वाढवून तीन लिटरच्या रेघेजवळ जावयाचे. हा डाव साधला. १९७१ साली डीटर ग्लेमझर आणि १९७२ साली योखेन मास यांनी काप्रीवर अजिंक्यपद मिळविले.

बीएमडब्ल्यूची अडचण याच्या उलट होती. तिची '३.० सीएसएल' ही मोटार दिसावयास देखणी. नावातील शेवटचे अक्षर 'हलकी' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे. दारे, यंत्रावरचे झाकण आणि मागील पेटीचे झाकण ॲल्युमिनियमचे, पत्रा पातळ, बाजूच्या काचांच्या जागी प्लॅस्टिक. परंतु पहिल्या १६९ मोटारींचे यंत्र २९८५ घनसेंटिमीटरचे होते. तीन हजारांची रेघ पंधरावर उभी! व्यास वाढवावयास जागाच नाही. फोर्डला २६०० वरून वर चढण्यास वाव होता. बीएमडब्ल्यू मात्र छपराला डोके टेकून उभी होती.

मे १९७२ मध्ये फोर्डच्या शर्यत-विभागाचा प्रमुख योखेन नेरपाश हाच बीएमडब्ल्यूकडे गेला. प्रतिपक्षाचा सेनापती आपल्या गोटात आणण्याची ही युक्ती आपल्याकडील बखरी वाचणाऱ्यांस नवी नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सीएसएल नव्या यंत्रासह बाजारात आली. यंत्राचे घनफळ ३००३ घनसेंटिमीटर.

हे कसे केले? श्रोत्यांपैकी कोणाजवळ कागद-पेन्सिल असेल तर त्यांनी माझ्याबरोबर मांडावे. दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर, नळकांडी सहा. व्यास ८९ मिलिमीटर धरला तर सहांचे मिळून घनफळ तीन हजारांच्या थोडे आत राहते. व्यास ८९.२५ करा, उत्तर ३००३ येते. फरक व्यासात पाव मिलिमीटरचा, आणि घनफळात सारा मिळून अठरा घनसेंटिमीटरचा. चहाचे पुरते चार चमचेही नव्हेत. या अठरा घनसेंटिमीटरांनी रस्त्यावरच्या मोटारीस वेग आला असेल असे कोणी म्हणणार नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. कोणत्याही मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात जाऊन विचारावे. झिजलेले नळकांडे प्रथम बोअर करावयाचे ते किती? कारागीर सांगेल, पाव मिलिमीटर, आणि त्या मापाचा दट्ट्या तो फळीवरून काढून दाखवील. म्हणजे जे काम जगभर जुन्या यंत्रांवर झीज भरून काढण्यासाठी होते, तेच येथे कोऱ्या करकरीत यंत्रावर झाले. झीज यंत्राला नव्हती. अडसर नियमाचा होता, आणि तेवढाच दूर करावयाचा होता.

कारण एकदा तीन हजारांची रेघ ओलांडली की मोटार वरच्या वर्गात गेली, आणि त्या वर्गाची मर्यादा पुष्कळ दूर होती. आता शर्यतीच्या यंत्राचा व्यास ९४ मिलिमीटरपर्यंत नेता आला आणि घनफळ ३.३ लिटरच्या घरात गेले. या यंत्रात शेजारशेजारच्या दोन नळकांड्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर १०० मिलिमीटर असते. त्यातून ९४ वजा करा. दोन नळकांड्यांच्या मध्ये लोखंड उरले सहा मिलिमीटर. एवढ्याशा भिंतीच्या दोन्ही अंगांना मिनिटाला हजारो वेळा स्फोट होत आहेत, आणि शर्यत सहा-सहा, कधी चोवीस तासांची आहे! ओतकाम करणाऱ्यांच्या कौशल्याचे मला यात विशेष कौतुक वाटते; वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात ती चालकांची.

पुढे १९७३ च्या उन्हाळ्यात धावही वाढली. विक्रीच्या मोटारीतच ती ८४ मिलिमीटर करून घनफळ ३१५३ केले. मग शर्यतीच्या यंत्रात ८४ ची धाव व ९४ चा व्यास जमून ३४९८ घनसेंटिमीटर झाले. याच वेळी मागील बाजूस एक मोठा पंखा बसविण्याची मान्यता मिळविली. जर्मनीत असा पंखा लावून रस्त्यावर मोटार चालविण्यास परवानगी नव्हती. म्हणून तो गिऱ्हाइकास मागच्या पेटीत सुटा ठेवून देत असत. शर्यतीपुरते सांगावयाचे तर जुलै १९७३ मध्ये न्यूरबुर्गरिंग येथील सहा तासांची शर्यत या पंख्यासह बीएमडब्ल्यूने जिंकली, आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद टोइने हेझेमान्स या तिच्या डच चालकास मिळाले.

हा लबाडीचा प्रकार झाला काय? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. परीक्षेत उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागत, आणि ३४ गुणांच्या मुलाची उत्तरपत्रिका आम्ही मास्तर पुन्हा एकदा चाळीत असू. ३५ गुणांचा मुलगा ३४ च्याहून फार शहाणा असतो अशी आमची समजूत नव्हती. परंतु रेघ कोठेतरी असावयासच हवी, आणि ती असली की तिच्या काठावर गर्दी होते. म्यूनिककरांनी नियमाचे एकही अक्षर मोडले नाही. मोटारी लपून केल्या नाहीत. त्या विकल्या, आणि त्यांपैकी पाचशे उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या करून इंग्लंडात पाठविल्या. माझी हरकत निराळी आहे. शर्यतीची मोटार दुकानातील मोटारीसारखी असावी, असे नियम म्हणत होता; प्रत्यक्षात दुकानातील मोटार शर्यतीसाठी बदलली गेली. गिऱ्हाइकाने दाम मोजून घेतली ती जणू मान्यतापत्राची एक प्रत होती.

फोर्डनेही मग तोच धडा गिरविला. कोलोनचे यंत्र तीन लिटरपलीकडे जाईना, म्हणून आपल्याच इंग्लंडातील कारखान्याचे सहा नळकांड्यांचे यंत्र पुढे केले. त्याचे घनफळ २९९४, म्हणजे रेघेच्या आत अवघे सहा! त्याचा व्यास ९३.६६ वरून ९५.१९ मिलिमीटर केला. इंचात सांगावयाचे तर ही वाढ साठ हजारांश इंच, म्हणजे पुन्हा दुरुस्तीच्या कारखान्यातलेच माप. यंत्र ३.१ लिटरचे झाले, मोटारीस 'आरएस ३१००' नाव मिळाले, आणि नॉर्थम्प्टनच्या कॉसवर्थ कारखान्याने त्याच लोखंडी ठोकळ्यावर चोवीस झडपांचे नवे मस्तक चढविले. व्यास शंभर, घनफळ ३४१२. रस्त्यावरच्या ३१०० ची शक्ती १४८ अश्वशक्ती. शर्यतीच्या यंत्राची चारशेच्या वर. बीएमडब्ल्यूनेही आपल्या साडेतीन लिटरच्या यंत्रावर चोवीस झडपा बसविल्या. दोघांतही कुटुंबाच्या मोटारीचे असे जे शिल्लक राहिले, ते ठोकळा आणि नाव.

आणि ही सारी शक्ती धावत होती कोठे? बेल्जममधील स्पा येथील जुना मार्ग चौदा किलोमीटरांचा, झाडांच्या आणि घरांच्या मधून जाणारा, एरवी गावकऱ्यांच्या रहदारीचा रस्ता. जुलै १९७३ मध्ये तेथील चोवीस तासांची शर्यत हेझेमान्स आणि डीटर क्वेस्टर यांनी बीएमडब्ल्यूवर जिंकली. त्याच शर्यतीत हान्स-पेटर योइस्टेन, रॉजे द्युबो आणि मास्सिमो लारिनी या तीन चालकांचे प्राण गेले. योइस्टेन सीएसएलवरच होता. घनफळ वाढले म्हणूनच अपघात झाला, असे मी म्हणत नाही. परंतु रेघेच्या पलीकडे किती सेंटिमीटर जावे याचा ज्या बारकाईने हिशेब झाला, त्या बारकाईने रस्त्याच्या कडेचा विचार कोणी केला नव्हता, हे खरे आहे.

आरएस ३१०० बांधणीस लागली ती नोव्हेंबर १९७३ मध्ये. त्याच्या आदल्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध पेटले होते आणि अरब राष्ट्रांनी तेल रोखले होते. २५ नोव्हेंबरपासून पश्चिम जर्मनीत चार रविवार खाजगी मोटारींस रस्ते बंद झाले. लोक महामार्गांवरून पायी आणि सायकलींवरून हिंडले. दोन्ही कारखान्यांनी शर्यतींवरील खर्चास कात्री लावली. चोवीस झडपांची ती दोन यंत्रे १९७४ मध्ये थोड्याच शर्यतींत समोरासमोर आली, आणि यूरोपचे अजिंक्यपद त्या वर्षी हान्स हायर याने मिळविले, तेही दोन लिटरच्या एका लहान एस्कॉर्ट मोटारीवर.

कॉसवर्थचे यंत्र पुढे एका आसनाच्या मोटारींत बसले आणि १९७६ मध्ये डेव्हिड पर्ली याने त्यावर इंग्लंडातील एक मालिका जिंकली. बीएमडब्ल्यूच्या यंत्राचा वंश अधिक चालला. १९७८ मध्ये 'एम १' ही मोटार निघाली. तिच्यात तीच सहा नळकांडी, त्याच चोवीस झडपा आणि तीच ८४ मिलिमीटरची धाव होती. व्यास मात्र ९४ चा ९३.४ केला होता.