निर्णयसागर आणि घरोघरची ग्रंथसंपदा

आपल्या ज्ञातीतील बहुतेक जुन्या घरांत, देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात किंवा माळ्यावरील पेटीत, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा एखादा तरी ग्रंथ आढळतो. तो ज्या उद्योगी पुरुषाच्या परिश्रमाने आपल्या हाती आला, त्याचे चरित्र नव्या पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म 1839 साली गरीब घरात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. बालवयातच त्यांनी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याची हलकी नोकरी धरली. तेथे टॉमस ग्रॅहम या कुशल कारागिराच्या हाताखाली देवनागरी टाइपाचे काम चाले. ते पाहून जावजींनी त्या कलेचे मर्म आत्मसात केले. पुढे अन्य छापखान्यांतील अनुभव गाठीस बांधून 1864 साली त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 साली ‘निर्णयसागर’ छापखान्याची स्थापना केली. अक्षरांना सुबक वळण देण्याच्या कामी राणोजी रावजी आरू या मित्राचे त्यांना मोलाचे साहाय्य झाले.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतल्यावाचून या कार्याचे महत्त्व कळणार नाही. छापील पोथी सोवळ्यात चालत नाही, कारण शाईत चरबी असते, असा आक्षेप जुन्या मंडळींचा होता. त्याच्या निरसनार्थ गणपत कृष्णाजी यांनी जावजींच्या पूर्वीच तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. दुसरी अडचण शुद्धतेची. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या आणि वेदांची स्वरचिन्हे यांत एक खिळा चुकला तरी अर्थाचा अनर्थ व्हावयाचा. जावजींनी विद्वान शास्त्र्यांस पदरी ठेवून हस्तलिखिते ताडून पाहण्याची व मुद्रिते तपासण्याची व्यवस्था केली. ‘निर्णयसागर प्रत’ हे शब्द शुद्ध पाठाची ग्वाही ठरले, ते याच दक्षतेमुळे.

1886 साली पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली आणि कित्येक दुर्मिळ संस्कृत काव्ये प्रथमच छापून निघाली. 1892 साली जावजी निवर्तले, तरी काम खंडित झाले नाही. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर पुढे तुकाराम जावजी, नंतर पांडुरंग जावजी ही नावे दिसतात आणि 1940 च्या दशकातील ग्रंथांवर सत्यभामाबाई पांडुरंग हे नाव येते. शांकरभाष्यादी वेदान्तग्रंथ, धर्मशास्त्राचे निबंध, तसेच यादवजी त्रिकमजी यांनी संपादिलेल्या सुश्रुत व चरक या संहिता याच छापखान्यातून बाहेर पडल्या.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. जे शास्त्र काही थोड्या घराण्यांच्या रुमालात बांधलेले होते, ते टाइप घासणाऱ्या एका मुलाने मूल्य देईल त्या प्रत्येकाच्या हाती दिले. विकत घेणाऱ्याची जात दुकानात विचारली जात नव्हती. ज्या स्त्रियांस वेदाध्ययनाचा अधिकार नाही असे म्हटले जाई, त्यांच्यापैकीच एकीचे नाव पुढे अशा ग्रंथांवर झळकले. अधिकाराविषयी सभांतून पुष्कळ वाद झाले. जावजींनी मात्र वादात न पडता ग्रंथ सुलभ केले, आणि वादाचे पुष्कळसे काम त्यामुळे आपोआप झाले.

मुंबईच्या कोलभाट लेनमधील तो छापखाना आता चालू नाही. तथापि काशी व दिल्ली येथील प्रकाशक त्याच्या जुन्या प्रतींची छायाचित्रे घेऊन आजही पुनर्मुद्रणे काढीत असतात. आपल्या घरांतील मूळ प्रती मात्र वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत आहेत. ज्यांस त्या वाचता येत नाहीत, त्यांनी त्या एखाद्या ग्रंथालयास द्याव्यात. ज्यांस वाचता येतात, त्यांनी आपल्या मुलामुलींस शेजारी बसवून त्या उघडाव्यात, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.